लकव्यानंतर चालण्यासाठी पायात घालायची साधनं: नागपुरातल्या घरांतून येणारे नेहमीचे प्रश्न

लकव्याच्या पेशंटला दवाखान्यातून सुट्टी मिळाली की पहिला महिना औषधं, बीपी आणि पथ्यात जातो. पाय ओढला जातोय, पंजा अडखळतोय, हे मग लक्षात येतं, आणि त्याच सुमारास कोणीतरी व्हॉट्सअॅपवर रोबोटच्या पायांनी चालणाऱ्या माणसाचा व्हिडिओ पाठवतं. फिजिओथेरपी करताना पेशंट आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत.

बाबांना लकवा होऊन चार महिने झाले. काठी घेऊन चालतात, पण पाय ओढतात. कोणतं यंत्र घ्यावं?

यंत्राचं नाव ठरवण्याआधी चाल बघा. लकव्याची चाल प्रत्येकाची वेगळ्या ठिकाणी बिघडते, आणि साधन त्या ठिकाणासाठी असतं. मोबाइलवर दोन व्हिडिओ काढा, एक समोरून आणि एक बाजूने. पायजमा गुडघ्याच्या वर गुंडाळलेला हवा, नाहीतर गुडघा दिसतच नाही. कोणीतरी त्यांच्या दुबळ्या बाजूला, अगदी जवळ उभं राहू द्या.

मग एवढं पाहा. पाय पुढे टाकताना पंजा लोंबतो आणि बोटं जमिनीला घासतात का? पंजा आत वळून बाहेरच्या कडेवर टेकतो का? दुबळ्या पायावर भार आला की गुडघा मागच्या बाजूला खटकन जातो, की पुढे मुडपतो? की पंजा ठीक आहे, पण पाय कमरेतूनच उचलत नाही आणि अर्धगोल फिरवून टाकावा लागतो? या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. फक्त पंजा लोंबणाऱ्या माणसाला महागडा रोबोट नको असतो, आणि गुडघा मुडपणाऱ्याला पंजा उचलणारा पट्टा पुरत नाही. तपासायला याल तेव्हा हे व्हिडिओ सोबत आणा. परीक्षा असल्यासारखं दवाखान्यात सगळेच जरा बरं चालतात. खरी चाल घरच्या व्हिडिओत असते.

पंजा उचलत नाही म्हणजे पायाची नस गेली का?

बहुतेकदा नाही. लकव्यात इजा मेंदूला होते. नडगीच्या पुढचा, पंजा वर उचलणारा स्नायू जागेवर असतो आणि त्याची नसही शाबूत असते. वरून येणारा हुकूम अर्धवट पोहोचतो. त्यात पोटरी ताठ होऊन पंजाला खाली खेचत राहते. पाठीच्या मणक्यात किंवा गुडघ्याजवळ नस दबूनही पंजा लोंबतो, पण तो वेगळा आजार आहे. करंटच्या साधनाचा विषय निघेल तेव्हा हा फरक कामाला येईल.

डॉक्टरांनी एएफओ लिहून दिलं. म्हणजे ती प्लास्टिकची स्प्लिंटच ना? एवढ्या साध्या गोष्टीने काय होणार?

होय, तीच. घोटा आणि पाऊल धरून ठेवणारी, पोटरीमागून तळव्याखाली येणारी. साधी दिसते म्हणून लोक तिला कमी लेखतात. माझं मत विचाराल तर लकव्यानंतरच्या चालीसाठी नीट मापाने केलेल्या स्प्लिंटइतकं उपयोगी साधन आजही दुसरं नाही. पहिल्याच दिवशी पाऊल अडखळणं थांबतं आणि टाच आधी टेकू लागते. पाय नेमका कुठे पडणार हे कळलं की माणूस मान वर करून चालतो.

पण 'स्प्लिंट' या एका नावाखाली चार-पाच प्रकार आहेत. मागून पातळ पट्टी असलेली लवचिक स्प्लिंट फक्त पंजा लोंबत असेल आणि ताठरपणा नसेल, त्यांच्यासाठी. पोटरी ताठ असेल, पाऊल आत वळत असेल, तर घोटा दोन्ही बाजूंनी धरणारी जाड, न वाकणारी लागते. घोट्याला बिजागरी असलेली स्प्लिंट खुर्चीतून उठताना आणि जिना चढताना सोयीची, कारण नडगी पुढे झुकू शकते. पण गुडघा मुडपत असेल तर तीच धोक्याची ठरते. अशा वेळी नडगीवर पुढून टेका देणारी बनवतात, भार पडला की ती गुडघ्याला मागे रेटून सरळ ठेवते. गुडघा मागे खटकत असेल तर घोट्याचा कोन दोन-चार अंश बदलून किंवा टाचेखाली उंचवटा देऊन तो सावरता येतो. हे सगळं घोट्यापाशी होतं आणि फरक गुडघ्यात दिसतो.

काहींना एवढंही लागत नाही. घोट्याला पट्टा आणि बुटाच्या नाडीला अडकवलेला इलॅस्टिक, एवढ्यावर हलका लोंबणारा पंजा उचलला जातो.

मेडिकल स्टोअरमध्ये तयार मिळते हजाराच्या आसपास. ती घेतली तर?

हलक्या त्रासात, थोड्या दिवसांसाठी चालते. पाऊल आत वळत असेल, ताठ असेल, किंवा शुगरमुळे तळव्याची जाणीव कमी असेल तर घेऊ नका. अशा पायाला प्लास्टरचा साचा काढून, त्यावर प्लास्टिक तापवून ओढलेलीच हवी. हे काम प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्टचं, म्हणजे कृत्रिम अवयव आणि स्प्लिंट बनवणाऱ्या तज्ज्ञाचं आहे, आणि त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. ती विचारायला संकोच करू नका. पहिल्या फिटिंगनंतर एकदा तरी कड घासून किंवा पट्टा सरकवून घ्यावा लागतो. विकणारा 'आता परत यायची गरज नाही' म्हणाला तर दुसरीकडे जा.

स्प्लिंट घातल्यावर पाय लाल होतो.

पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं आठवड्याभरात वाढवा. काढल्यावर लाली पाहा. अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली, फोड आला किंवा टाचेच्या हाडावर खूण उमटली तर त्याच दिवशी घालणं थांबवा आणि कड दुरुस्त करून घ्या. ज्यांना त्या पायाला जाणीवच कमी आहे ते 'दुखत नाही' म्हणतील. त्यांच्या शब्दावर जाऊ नका, टाच आरशात बघा.

'करंटचा पट्टा' म्हणतात तो काय प्रकार आहे?

त्याचं शास्त्रीय नाव फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन, थोडक्यात एफईएस. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, बोटाला एक हाडाचा उंचवटा लागतो. पंजा उचलणाऱ्या स्नायूकडे जाणारी नस तिथे कातडीच्या अगदी जवळून वळते. पट्ट्यातला एक इलेक्ट्रोड (कातडीला करंट देणारी चकती) तिथे आणि दुसरा नडगीच्या पुढच्या स्नायूवर बसतो. टाच जमिनीवरून सुटली की बुटातलं बटण किंवा पट्ट्यातला कल ओळखणारा सेन्सर इशारा देतो, हलका करंट जातो आणि पंजा वर येतो. टाच टेकली की करंट बंद.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत लिबर्सन आणि सहकाऱ्यांनी टाचेखालच्या स्विचवर चालणारं असं यंत्र १९६१ सालीच मांडलं होतं. इंग्लंडमध्ये उपचारांची पारख करणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २००९ मध्ये लकव्यासारख्या मेंदूच्या आजारात लोंबणाऱ्या पंजासाठी या उपचाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बाजारात वॉकएड आणि बायोनेसची एल३०० ही नावं ऐकू येतात. बाहेरून येणाऱ्या अशा यंत्रांची किंमत लाखांत जाते, शिवाय इलेक्ट्रोड संपत राहतात ते वेगळं. घेण्याआधी इलेक्ट्रोड आणि दुरुस्ती कुठे मिळणार हे लिहून घ्या.

मग स्प्लिंटपेक्षा करंटचा पट्टा चांगला का?

अमेरिकेत यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १९७ जण होते, २०१४ च्या चाचणीत ४९५. दोन्हींत काहींना स्प्लिंट, काहींना करंटचा पट्टा दिला. दोन्ही गटांचा वेग वाढला आणि वेगाच्या बाबतीत कोणताही गट दुसऱ्याच्या पुढे गेला नाही. पहिल्या चाचणीतल्या लोकांना पट्टा जास्त आवडला, ही गोष्ट खरी. तो हलका असतो, घोटा मोकळा राहतो, बूटही नेहमीचा चालतो.

म्हणून पैशांची ओढाताण असेल तर स्प्लिंट घेताना मन खट्टू करू नका. परवडत असेल, ताठरपणा फार नसेल आणि एका हाताने पट्टा बांधता येत असेल, तर आधी दवाखान्यात लावून पाहा. पट्टा बसवल्यावर पंजा सरळ वर आला पाहिजे. तो बाहेर किंवा आत वळला तर इलेक्ट्रोडची जागा चुकली आहे. बोटभर सरकवल्यानेही चित्र बदलतं.

हा पट्टा कोणी लावू नये?

पेसमेकर असलेल्यांनी हृदयाच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही. फिट येतात आणि औषधांनी आटोक्यात नाहीत, पायात रक्ताची गुठळी आहे, त्या जागी जखम किंवा कॅन्सर आहे, गरोदरपण आहे, तर नाही. नस गुडघ्याजवळच तुटलेली असेल तर करंट पोहोचणार कुठे? त्यांना उपयोग नाही. पोटरी आखडून घोटा हाताने ढकलूनही नव्वद अंशात येत नसेल तर आधी ताण देणं, गरज पडल्यास ताठ स्नायू सैल करणारं बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, मग साधन. आणि फिजिओकडे शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक घेताना पट्टा अंगावर ठेवू नका.

करंटने पाय कायमचा बरा होतो का?

पट्टा काढल्यावरही काहींची चाल आधीपेक्षा थोडी सुधारलेली राहते, पण स्प्लिंट वापरून भरपूर चालणाऱ्यांचीही राहते. श्रेय चालण्याला द्या.

तो रोबोटचा पाय, एक्सोस्केलेटन? आम्ही पैसे जमवायला तयार आहोत.

थांबा. पैसे जमवण्याआधी हे वाचा.

एक्सोस्केलेटन म्हणजे कमरेपासून पायापर्यंत बाहेरून बांधायचा मोटारींचा सांगाडा. एक्सो कंपनीच्या अशा यंत्राला औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये लकव्याच्या पेशंटसाठी मान्यता दिली. दुसरा प्रकार मऊ कापडी पोशाखाचा: हार्वर्डमधल्या संशोधनातून आलेला आणि रीवॉक कंपनीने बाजारात आणलेला रीस्टोर. कमरेवर मोटर, तिथून केबल घोट्यापर्यंत, आणि पाऊल टाकताना ती पंजा उचलते, मागे रेटताना टाचेला जोर देते. त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पण ही यंत्रं पुनर्वसन केंद्रात, फिजिओच्या हाताखाली सराव करण्यासाठी आहेत. ती घालून बर्डीवर खरेदीला जायचं नसतं.

आपल्याकडे केरळच्या जेनरोबोटिक्सने, मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबोट बनवणाऱ्या त्याच कंपनीने, जी-गेटर नावाचं चालण्याच्या सरावाचं यंत्र काढलं. तेही केंद्रात बसवायचं यंत्र आहे, घरी न्यायचं नाही.

या यंत्रांचा उपयोग कोणाला, याचं उत्तर बऱ्यापैकी मिळालं आहे. अनेक चाचण्या एकत्र पाहणाऱ्या कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यानुसार, फिजिओथेरपीच्या जोडीने यंत्रावर सराव केला तर स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते, आणि जास्त फायदा पहिल्या तीन महिन्यांत आणि अजिबात चालता न येणाऱ्यांना होतो. म्हणजे बाबा काठीवर का होईना चालत असतील, तर तेवढ्याच पैशात वर्षभर फिजिओ घरी बोलावणं जास्त फळेल. महिनाभरापूर्वी लकवा झालाय, उभंही राहता येत नाही आणि एखाद्या केंद्रात यंत्र आहे, तर जरूर चौकशी करा. तिथे सत्राचे पैसे द्यायचे, यंत्र विकत घ्यायचं नाही.

चांगल्या पायात घालायचा कुठलासा बूट आहे म्हणे? दुबळ्या पायात नाही?

ऐकायला विचित्र, पण खरं आहे. लकव्यानंतर माणूस चांगल्या पायावर जास्त वेळ उभा राहतो आणि दुबळ्या पायावरून घाईने उतरतो. चाल लंगडी होते. दोन वेगळ्या वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यांच्या ट्रेडमिलवर चालवलं तर मेंदू ही तफावत ओळखून दुरुस्ती करतो, आणि ट्रेडमिल थांबल्यावरही काही काळ पावलं जास्त सारखी पडतात. पण तो परिणाम ट्रेडमिलवरून जमिनीवर पूर्ण उतरत नाही. म्हणून दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधनातून चाकांचा बूट निघाला, आयस्ट्राइड. तो चांगल्या पायात घालतात. भार पडला की तो पाय हळूच मागे सरकतो, त्यामुळे दुबळ्या पायावर भार घ्यावाच लागतो. बूट काढल्यावर उरतं ते शिकणं. विचार मला फार आवडतो, पण अभ्यासातली माणसं थोडी आहेत. आणि घरच्या घरी चांगल्या पायाखाली चाकं लावून बघण्याचा प्रयोग कृपा करून करू नका.

मुलाने अमेरिकेतून स्मार्ट वॉच पाठवलं. पावलं मोजतं, पण आकडा कमी दाखवतं.

हळू चालणाऱ्यांची पावलं मनगटावरचं घड्याळ गाळतं, आणि ते लकव्याच्या हातावर असेल तर हात हलतच नाही म्हणून आणखी गाळतं. चांगल्या हातावर बांधा. तरी चुकत असेल तर पायाच्या घोट्यावर बांधता येणारं मोजणीयंत्र बरं. आकडा अचूक नसला तरी कालच्यापेक्षा आज जास्त की कमी, हे कळतं, तेवढं पुरे. पडल्यावर फोन लावण्याची सोय घड्याळात असेल तर चालू करून द्या. घड्याळाने हृदयाचे ठोके अनियमित असल्याची सूचना दिली तर मात्र ती घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण काही प्रकारच्या लकव्याचं मूळ तिथेच असतं.

मे महिन्यात ४५ डिग्रीत प्लास्टिकची स्प्लिंट? आई दोन दिवसांत काढून फेकते.

काढणारच. उपाय आहेत, पण चिकाटी लागते. स्प्लिंटखाली गुडघ्यापर्यंतचा, शिवण नसलेला सुती मोजा, आणि दुपारी एकदा बदलायला दुसरा. टाल्कम पावडर थापू नका, घामात तिच्या गुठळ्या होऊन त्याच घासतात. चालणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. दुपारी पाय मोकळा ठेवा. बनवून घेतानाच पोटरीच्या भागाला भोकं पाडायला सांगता येतं. करंटच्या पट्ट्याचे चिकट इलेक्ट्रोड उन्हाळ्यात लवकर कोरडे पडतात, धूळ धरतात. वापर झाला की त्यांच्या प्लास्टिकवर परत लावून पाकिटात, सावलीत ठेवा. स्प्लिंट गाडीत उन्हात विसरू नका, तापलेलं प्लास्टिक आकार सोडतं.

उन्हाळ्यातला खरा घात करतो तो कूलर. खोलीत आडवी गेलेली त्याची वायर, भरताना सांडलेलं पाणी, दारात लोळणारा पाइप. पंजा लोंबणाऱ्या माणसाला या तिन्हींपैकी एक पुरेसं आहे.

घरात चप्पल चालत नाही. स्प्लिंट नुसती घालून फिरलं तर?

नको. नुसतं प्लास्टिक फरशीवर सटकतं, आणि स्प्लिंटचा कोन बुटाच्या टाचेचा हिशेब धरून ठरवलेला असतो. घरासाठी वेगळी, कधीच बाहेर न नेलेली सँडल ठेवा: मागे पट्टा, वेल्क्रो, एक नंबर मोठी, रबरी तळ. देवघरापाशी आईंना ती काढायची असेल तर तिथे खुर्ची ठेवा, बसून काढतील, बसूनच पूजा करतील. स्वयंपाकघरात चप्पल नको म्हणणाऱ्या सासूबाईंनाही 'ही घरचीच आहे' म्हटल्यावर पटतं, असा अनुभव आहे. मागे पट्टा नसलेली स्लिपर मात्र अजिबात नाही. जमिनीवर मांडी घालून बसण्याआधी स्प्लिंट काढा.

फायदा होतोय हे कसं ओळखायचं?

घड्याळ लावून. दहा मीटर मोजा. दोन फुटी फरशी असेल तर साधारण साडेसोळा फरश्या. फ्लॅटचा पॅसेज किंवा पार्किंग चालेल. आधी आणि नंतर दोन-दोन मीटर जागा सोडा, म्हणजे सुरुवातीची आणि थांबतानाची पावलं मोजणीत येत नाहीत. नेहमीच्या वेगाने चालू द्या. दहा मीटरला २५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चालणं घरापुरतं आहे. साडेबारा सेकंदांच्या आत आले तर बाजारहाट करण्याइतका वेग आहे. मधले लोक गल्लीपर्यंत. हाच हिशेब स्प्लिंट घालून आणि न घालता, महिन्यातून एकदा लिहून ठेवा. तीन महिन्यांत साधनाने काहीच फरक पडला नसेल तर साधन चुकलंय किंवा कपाटात आहे.

किती दिवसांत सुरू करावं? आणि चार वर्षं झाली असतील तर?

पहिल्या २४ तासांत घाईने, खूप वेळ उभं करून चालवण्याचा फायदा होत नाही, उलट नुकसान दिसलं, असं २०१५ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आढळलं. त्यानंतर डॉक्टर सांगतील तसं, आणि पहिले तीन महिने वाया घालवू नका. चार वर्षं झाली असली तरी स्प्लिंट पहिल्या दिवशी काम करते. करंटच्या पट्ट्यावरच्या बऱ्याच अभ्यासांतली माणसं लकव्याला कितीतरी महिने उलटून गेलेलीच होती.

नागपुरात कुठे जायचं, आणि सरकारी मदत मिळते का?

मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही आहे. मिहानमधल्या एम्समध्ये पुनर्वसन वैद्यक विभाग आहे. केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं सीआरसी (संयुक्त क्षेत्रीय केंद्र) नागपुरात आहे, तिथे साधनांची चौकशी करा. धंतोली आणि रामदासपेठेत खासगी दवाखान्यांची कमी नाही.

कागदांत पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. लकव्याने आलेलं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. केंद्राच्या एडीआयपी योजनेत उत्पन्नाच्या अटीवर साधनं मिळतात. त्यासाठी अलिम्को ही कानपूरची सरकारी कंपनी शिबिरं घेते. ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. तिच्यात एकदा ३,००० रुपये थेट खात्यात येतात. काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी. शिबिरात सर्वांना एकाच मापाची वस्तू मिळाली तर घ्या, पण पायाला लागत असेल तर वापरू नका.

बाहेर चालण्याचा सराव कुठे करावा?

सिमेंट रोडच्या कडेला नाही. रस्ता उंच आणि बाजूचे गट्टू खाली, त्या पायरीवरच घोटा मुरगळतो. सकाळी बागेतला सपाट ट्रॅक बरा. जरा धीर आला की मेट्रो स्टेशन: लिफ्ट आहे, कठडे आहेत, फरशी सपाट आहे. गर्दीची वेळ टाळा. सरकत्या जिन्यावर पाय ठेवू नका, स्प्लिंट असो की पट्टा.

बाबा म्हणतात, स्प्लिंट घातली की लोकांना कळतं. घालायलाच तयार नाहीत.

हा प्रश्न पुरुषांच्या बाबतीत जास्त येतो. वाद घालू नका. ढगळ पँट आणि बूट असेल तर स्प्लिंट दिसत नाही, हे आरशापुढे उभं करून दाखवा. मग त्यांच्या आवडीचं एक काम निवडा, समजा कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन तर्री पोहे खाणं, आणि स्प्लिंट फक्त तेवढ्यासाठी घाला. दिवसभर घालायचा आग्रह पहिल्या आठवड्यात सोडून द्या. एका हाताने वेल्क्रो लावता येत नसेल तर पट्ट्याच्या टोकाला अंगठा अडकेल असा लूप शिवून घ्या, चांभार पाच मिनिटांत देतो. घालण्यासाठी दर वेळी सुनेला हाक मारावी लागते, ही अडचण पुष्कळांच्या नकारामागे असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

कोणत्या लक्षणांवर साधन बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जायचं?

पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर, कारण आत गुठळी असू शकते. चाल काल बरी होती आणि आज अचानक बिघडली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात गळला, तर स्प्लिंट तपासत बसू नका. १०८ ला फोन करा आणि लक्षणं नक्की किती वाजता सुरू झाली ती वेळ सांगा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि दवाखान्यात पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.